बरणीतला हात

रंजनाला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं, आणि परवाच्या बुधवारी तिनं कानाची एक मशीन जोडली होती.

पारखी तसं सांगत होती. पारखी म्हणजे काडेपेटीएवढं यंत्र. आता ते गल्लीबोळातल्या औषधाच्या दुकानातही असतं. वस्तू तिच्या तोंडाशी धरली की एक ओलसर पट्टी वस्तूवरून फिरते, आणि ती कुणाच्या हाताखालून गेली ते नावगावासकट पडद्यावर उमटतं. शहाजी निकम विट्याला आला होता तो शेजारच्या बायाक्कासाठी मशीन घ्यायला. सप्ताहात महाराजांच्या तोंडाकडं नुसतं बघत बसून म्हातारी कंटाळली होती. "लोकं हसली की मी हसते रे," ती म्हणायची, "पण कशापायी हसते ते पांडुरंगालाच ठावं."

दुकानदारानं पारखी फिरवली आणि पडदा गिऱ्हाइकाकडं केला. जोडणी: रंजना शहाजी निकम, सोनखिंड, जिल्हा सांगली. खाली परवाची तारीख.

शहाजीला त्या क्षणी संशय आला नाही. पुढं सगळं उघड झाल्यावर लोक म्हणाले, तारीख बघूनच कसं कळलं नाही याला? पण हरवलेलं माणूस बाजारात अवचित दिसलं, तर कुणी आधी त्याला कुठून आलास म्हणून विचारतं का? त्यानं ती मशीन उचलली आणि डोळे मिटून गालाला लावली.

"काका, कानात घालायची असते ती," दुकानदार म्हणाला.

"ठावं हाय," शहाजी म्हणाला, आणि एकाऐवजी दोन घेतल्या.

आता हे हाताचं शास्त्र नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुढची कथा हवेत जाईल.

आपल्या कातडीवर कोट्यवधी सूक्ष्म जीव नांदतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण असतात. देव असतो तसे. कुणाच्या तळहातावर कोणते जीव, किती आणि कोणत्या मेळानं, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. गावचं पाणी, शेताची माती, घरचं जेवण, गोठ्यातली म्हैस, या सगळ्यांतून तो मेळ जमतो. हात जिथं लागतो तिथं ही मंडळी थोडी मागं राहतात. ती मेली तरी त्यांच्या पेशींमधली लिपी कित्येक महिने वाचता येते. बोटांच्या रेषांचा ठसा पुसता येतो. हा ठसा पुसायला गेलं तर पुसणाऱ्याचाच आणखी एक उमटतो.

सरकारनं या शास्त्राला हात घातला तो पोळल्यामुळं. देशात वस्तू बनवा, आपल्या माणसांना कामं द्या आणि अनुदान घ्या, अशा योजना पूर्वीही आल्या होत्या. कंपन्या बाहेरून खोकी मागवायच्या, वरचं लेबल बदलायच्या आणि अनुदान घ्यायच्या. कुणी यंत्रमानव बसवले आणि कामगार म्हणून गावातली नावं दाखवली. मग 'स्वहस्त' योजना आली. नियम साधा होता: वस्तूवर इथल्या नोंदणी केलेल्या माणसाच्या हाताचा ठसा सापडला तरच त्या वस्तूला अनुदान. लेबल कुणीही चिकटवील, हात कसा चिकटवणार? असं तेव्हा भल्याभल्यांना वाटलं, त्यात शहाजीही होता.

सोनखिंडीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात. मद्रासकडच्या, केरळातल्या पेठांमध्ये सोनं-चांदी आटवायची, ॲसिडच्या धुरात उभं राहून शुद्ध करायची, आणि वर्षाकाठी एकदा गावच्या सप्ताहाला यायचं. शहाजी कोइमतूरला होता. गावच्या कीर्तनांत तो पखवाज वाजवायचा. तिथंही पखवाज घेऊन गेला होता, पण शेजारी तमिळ, ऐकणारं कुणी नाही, त्यामुळं पखवाजाच्या तोंडाला कणीक लावायची ती मनाच्या समाधानासाठी. रंजना इकडं, तो तिकडं. लेक ऋतुजा मोठी झाली ती फोनच्या पडद्यावर.

आणि मग मेव्हण्याचा फोन आला. विलास बाबर, रंजनाचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून रंजनानंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत बसवलं, इंजिनीअर होईपर्यंत आपल्या लुगड्या-बांगड्यांवर पाणी सोडलं. तो कानाच्या मशीन बनवणाऱ्या कंपनीत मोठा साहेब झाला होता, आणि कंपनीनं स्वहस्त योजनेत कारखाना काढायला सोनखिंडीचा माळ निवडला होता.

"दाजी, या आता," विलास म्हणाला होता. "केसाहून बारीक तारेची वेटोळी घालायची असतात. आपल्या बायकांच्या हाताला ते जमतं आणि गलाईवाल्यांच्या हाताला बारीक डाग देऊन तारा जोडणं जमतं. कुणाला परमुलखात मरायची गरज न्हाई."

शहाजी एकटा आला नाही. चाळीस घरांची माणसं त्याच्या शब्दावर कोइमतूर सोडून आली. संपत गायकवाड तर चालू दुकान दुसऱ्याला देऊन आला. तीन वर्षं कारखाना असा चालला की बघत राहावं. दुपारच्या सुट्टीत बायका डबे सोडून गवळणी म्हणायच्या, आणि गावात पहिल्यांदाच असं झालं की सप्ताहाला पाहुणे कमी आणि घरची माणसं जास्त.

मागच्या माघात सप्ताह झाला आणि रंजना तापानं गेली. पाठोपाठ कारखानाही थांबला. नवं मॉडेल येतंय, यंत्रं बदलतोय, तेवढं थांबा, असं विलास म्हणाला. माणसं थांबली. कुणी कुरकुरलं की शहाजी म्हणायचा, "माझा मेव्हणा हाय तो. धीर धरा." आणि माणसं धरायची. कोइमतूरचे मालक मात्र आता निरोप धाडू लागले होते: पाडव्यापर्यंत जागा ठेवतो, नंतर दुसरी माणसं घेणार.

विट्याहून परतताना शहाजी मशीन खिशात घेऊन थेट विलासच्या घरी गेला.

"या दाजी. आज पखवाज सोडून इकडं कशी वाट चुकला?"

"पखवाजाला कणीक लागती, पाव्हण्याला चहा लागतो. वयनी, साखर कमी," शहाजीनं आत विलासच्या बायकोला सांगितलं.

चहा झाला. शहाजीनं मशीन बशीत ठेवली आणि पारखीनं काय दाखवलं ते सांगितलं. विलासचा कप ओठांपाशी थोडा जास्तच वेळ राहिला. मग त्यानं तो खाली ठेवला.

"ताईनं जोडलेला माल रॅकवर पडून हाय दाजी. थोडा थोडा पॅक करून धाडतोय. तारीख पॅकिंगची पडती, हात जुना. ताईच्या हातचं अजून कुणाच्या तरी कानात बोलतंय म्हणायचं."

शहाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. विलासनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"एक काम होतं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला अनुदानाच्या मॅडम येणार. त्या गावाला विचारतात, हे हात तुमचेच का, म्हणून. तुम्ही पहिला हात वर करा. तुमचा वर गेला की गावाचा जातो. एवढं झालं की मशीनरीचा हप्ता सुटतो आणि कारखाना चालू."

"त्यात सांगायचं काय," शहाजी म्हणाला. "दोन्ही वर करतो."

ऋतुजा विट्याच्या डेअरीत प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर दूध, दही, विरजण तपासायचं. बापानं दिलेली मशीन तिनं डेअरीत नेली ती कसल्या शोधासाठी नव्हे. पारखी नुसतं नाव सांगते. डेअरीतलं मोठं यंत्र त्या हातावरच्या सगळ्या जीवांचा पट मांडतं. आईचा तो पट आपल्यापाशी असावा, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दुपारीच घरी आली. शहाजी ओट्यावर पखवाजाच्या वाद्या ओढत होता.

"पप्पा, आईच्या हाताला दही आहे."

"असंल की. आयुष्यभर ताकच घुसळलं तिनं."

"तसं नाही. एका घरच्या विरजणात चार-पाच जातीचे जीव असतात. इथं गावातल्या घराघरांतली विरजणं एकत्र आहेत. एकाच हातावर." ती त्याच्यासमोर बसली. "मी बायाक्काची मशीन तपासली. दवाखान्यातून आणखी घेतल्या. संपतकाकांच्या नावाची, सुरेखाकाकूंच्या नावाची. सगळ्यांवर तेच दही. गावभरचं दही एका हातावर कधी येतं, पप्पा?"

शहाजीचा हात वादीवर थांबला.

काल्याला येतं. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक घर आपापलं दही आणतं, लाह्या, पोहे, लोणच्याची फोड, सगळं एका हंड्यात कालवलं जातं, आणि मग ज्याचा हात त्याच्या शेजाऱ्याच्या तोंडात. महाराज दरवर्षी तो प्रसंग रंगवून सांगतात: काल्याचं उष्टं तरी मिळावं म्हणून देव यमुनेत मासे होऊन आले, गोपाळ हात धुवायला आले की कण टिपावेत म्हणून, आणि कृष्ण म्हणाला, गड्यांनो, आज हात धुऊच नका, घोंगडीला पुसा. म्हणून सोनखिंडीत काल्याचा हात त्या दिवशी धूत नाहीत. डोक्याला पुसतात, तोंडावरून फिरवतात, उरलेला तसाच जिरू देतात.

"दही कातडीवर टिकत नाही," ऋतुजा सांगत होती. "दोन-तीन आंघोळींत गेलं. मग कामावरच्या हाताला ते वर्षभर कसं?"

शहाजी ऐकत होता, पण त्याला दुसरंच दिसत होतं. मागच्या माघातला काला. रंजनानं हंड्यातला पहिला घास आपल्या भावाला भरवला होता, विलास हसता हसता ठसकला होता. रात्री तिला ताप भरला. सकाळी ती उठू शकत नव्हती, तर दारात विलासची गाडी. "ताई, ठशाची वार्षिक नोंदणी आज संपती. गावातली सगळी येऊन चाललीत. चटकन एवढा हात ठशाच्या पाण्यात बुडव, लगेच आणून सोडतो." ती गेली. हात बुडवून आली. तिथून दवाखाना, आणि दवाखान्यातून थेट नदीकाठ.

काल्यानंतर रंजना कारखान्यात बाकावर बसलीच नव्हती. काल्याचा हात तिनं तिथं फक्त नोंदणीच्या पाण्यात बुडवला होता.

"म्हंजे रॅकवरचा माल—" शहाजी म्हणाला.

"त्यावर दही नसतं, पप्पा. हा हात बाकावरचा नाही. हा कुणीतरी ठेवून घेतलेला हात आहे."

तो कारखान्याकडं चालत गेला. पहारेकरी गावचाच, त्यानं साहेबांना विचारायला फोन उचलला, तेवढ्यात शहाजी आत होता.

जिथं बायका गवळणी म्हणायच्या तिथले बाक नव्हते. भिंतीपर्यंत खोकी होती, वर परक्या लिपीतली अक्षरं. मधून एक पट्टा सरकत होता, आणि पट्ट्यावरून कानाच्या मशीन एका लहानशा काचेच्या कमानीखालून जात होत्या. कमानीत धुकं होतं. सप्ताहात बुक्का उधळतात तसं बारीक. पलीकडून मशीन बाहेर पडली की तिला हात लागलेला असायचा.

विलास आतल्या खोलीच्या दारात उभा होता. तो ओरडला नाही, आडवाही आला नाही. "बघायचंच हाय तर नीट बघा," म्हणाला आणि बाजूला झाला.

आत कपाटांतून बरण्या मांडल्या होत्या. प्रत्येक बरणीत तळव्याएवढा कृत्रिम कातडीचा तुकडा, त्यावर घामासारखं पाणी थेंबथेंब पडत होतं आणि खालून एक नळी बाहेरच्या धुक्याच्या कमानीकडं जात होती. प्रत्येक बरणीवर नाव. सूक्ष्म जीव नुसते वाढवणं सोपं. पण एक जात माजते आणि बाकीच्या मरतात, मेळ मोडतो. या यंत्राची करामत अशी की पहिल्या दिवशी जे प्रमाण मोजलं ते राखायचं. ज्याला मीठ हवं त्याला मीठ, ज्याला तेलकटपणा हवा त्याला तो. दह्याच्या जीवांना दुधातली साखर लागते, तर तीही नेमानं पाजायची. काला म्हणजे काय, ते त्या यंत्राला कोण सांगणार? त्याला वाटलं, सोनखिंडीच्या माणसांचे हात असेच असतात.

रंजनाची बरणी वरच्या फळीवर होती. शहाजीनं तिला हात लावला. ती कोमट होती. माणसाचा हात असतो तितकीच.

"माल बाहेरून येतो," विलास म्हणाला. "तिकडं यंत्रमानव जोडतात, निम्म्यात पडतं. वरच्यांनी मला दोनच वाटा दिल्या: कारखाना बंद कर, न्हाईतर हे कर. बंद केला असता तर गावाचं नाव तरी राहिलं असतं का?"

"आम्ही वाट बघतोय, विलासराव. वर्ष झालं. माझ्या शब्दावर माणसं बसलीत."

"म्हणून तर तुम्हाला धीर द्यायला सांगत होतो. गडबड झाली असती."

इतक्या सरळपणे म्हणाला तो, की शहाजीला रागच येईना. राग यायला समोरच्याला लाज वाटत असावी लागते.

"आणि तुमची ताई? तिला का ठेवलीत यात?"

विलास पहिल्यांदा खाली बघू लागला. "यादीतनं काढायला गेलो होतो. काढायचं म्हंजे बरणी वाफेच्या भांड्यात घालायची. माझ्यानं झालं न्हाई." मग मान वर करून म्हणाला, "सगळ्या दुनियेत तिचं जिवंत असं एवढंच उरलंय, दाजी. मी राखलंय ते. उद्या तुम्ही तोंड उघडलंत तर पहिली हीच बरणी जाईल. बघा, तुमच्या हातात हाय."

शहाजीचा हात बरणीवरच होता. त्याला वाटलं, घेऊन पळावं. चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवावी, रोज थेंब पाजावेत, आणि ग्रामसभेत हात वर करून मोकळं व्हावं. कुणाचं काय बिघडणार आहे? पण तिचा हा हात रोज त्या धुक्यात खोटं बोलत होता. जिनं जन्मात कुणाला पाणी घातलेलं दूध विकलं नाही, तिचा.

घरी येऊन त्यानं ऋतुजाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला एकदा बघता आली असती का ती बरणी?" एवढंच. मग म्हणाली, "बोला तुम्ही."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, शाळेच्या पोरींची लेझीम झाली, जिलबी वाटली गेली, आणि तिथंच मारुतीच्या पारासमोर ग्रामसभा बसली. अनुदान पडताळणीच्या केळुसकर मॅडम सिंधुदुर्गाकडच्या. मध्यम वयाच्या, मऊ बोलणाऱ्या. त्यांनी प्रश्न वाचला: "कारखान्याच्या मालावरचे हात तुमचे आहेत का, आणि ते तुमच्या राजीखुशीनं आहेत का? ज्यांचे आहेत त्यांनी हात वर करावा."

सगळ्यांनी शहाजीकडं बघितलं. तो हात वर न करता उठून उभा राहिला.

कीर्तनात त्यानं जन्मभर दुसऱ्याच्या बोलण्याला ठेका दिला होता, स्वतः कधी बोलला नव्हता. पण जे बघितलं ते त्यानं तसंच सांगितलं. खोकी, धुकं, बरण्या. "तुमास्नी मी कोइमतूरहून आणलं. कारखाना चालू होईल म्हणून मीच सांगत आलो. तो होणार न्हाई. कंपनीला तुमची गरज उरली न्हाई, तुमचे हात तिच्यापाशी हायती. ज्याला जागा धरायची त्यानं पाडव्याच्या आत जावं. आणि माझ्या बायकोचा हात बरणीतनं काढावा, एवढं माझं मागणं हाय."

ऋतुजानं दह्याचं सांगितलं. मॅडमनी आपल्याजवळच्या यंत्रावर मशीन तपासून पाहिल्या, एकदा, मग पुन्हा.

"मृत व्यक्तीचा ठसा चालत नाही," त्या अखेर म्हणाल्या. "निकमबाईंची बरणी आजच नष्ट होईल. तो माल बाद." त्यांनी हातातला नियमांचा कागद उलटला. "बाकीच्यांचं मला अवघड आहे. नियमात ठसा लागतो असं म्हटलंय. हात बाकावर पाहिजे असं कुणी लिहिलंच नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही ते. धारक जिवंत असला आणि राजी असला, तर मला नाही म्हणता येत नाही. तुम्ही राजी नसाल तर मात्र आत्ता हात खाली ठेवा. मी आजच काम थांबवते."

शहाजीनं सुटकेचा निःश्वास सोडला. हात खाली ठेवायचे, त्याला काय कष्ट पडतात?

विलास उठला. त्यानं शहाजीकडं बघितलं नाही. "कंपनीनं ठरवलंय," तो म्हणाला, "ज्याचा ठसा, त्याला महिन्याच्या महिन्याला हाताचं भाडं. काम न्हाई, पाळी न्हाई. घरी बसा, न्हाईतर कुठं बी जा."

"कुठं बी म्हंजे?" संपतनं विचारलं. "कोइमतूरला गेलं तरी चालंल?"

"चालंल की. हात हितंच असंल."

कुणीतरी हसलं. "मग बरंच हाय की. आपण तिकडं मरू, हात माहेरी राहील."

आणखी दोघं-तिघं हसले. त्या हसण्यातच गाव सैल झालं, हे शहाजीला उमगलं. पखवाजावर बोटं ठेवणाऱ्याला मंडप केव्हा हातातून सुटला ते लगेच कळतं.

पहिला हात संपतचा वर गेला. त्याचं दुकान शहाजीच्या शब्दावर गेलं होतं. "अप्पा," हात वर ठेवूनच तो शहाजीला म्हणाला, "तू खोटं बोलला न्हाईस. पण खऱ्याला धरून मी काय करू? पोरीचं लगीन काढलंय."

"तुझ्या हाताच्या बदली उद्या कुणाला काम मिळणार न्हाई, संपत. तुझ्या पोराला बी न्हाई."

"पोराचा बी ठसा घेतील की," सुरेखा मागून म्हणाली. ती चेष्टेनं म्हणाली की खरंच, ते कळलं नाही. तिचाही हात वर होता.

मग एकेक करून बाकीचेही वर गेले. ज्यांच्या तोंडात त्यानं घास भरवला होता, ज्यांनी त्याच्या तोंडात भरवला होता, ते सगळे हात वर. मॅडम मोजायच्या भानगडीत पडल्या नाहीत. ऋतुजानं बापाचा दंड धरला. शहाजी खाली बसला नाही, कारण बसलं की उठायला हात टेकावा लागला असता, आणि त्या घडीला त्याला कुठंच हात टेकायचा नव्हता.

मृताचा नमुना नष्ट करायला कायद्यानं जवळच्या नातेवाइकानं हजर राहायचं असतं. कारखान्याच्या आतल्या खोलीत प्रेशर कुकरसारखं एक मोठं भांडं होतं. मॅडमनी बरणीवरचं नाव वाचलं, खूण केली, आणि ऋतुजाकडं बघून ती क्षणभर तिच्या हातात दिली. ऋतुजानं ती दोन्ही तळव्यांत धरली. कोमट होती. पोरगी रडली नाही. तिनं नुसतं बोट काचेवरून फिरवलं, आतल्या कातडीच्या कडेकडेनं, आणि बरणी परत केली.

बरणी भांड्यात गेली, झाकण बसलं. एक लाल बटण दाबायचं राहिलं होतं. ते कारखान्याच्या साहेबानं दाबायचं. विलास पुढं आला, त्यानं बोट नेलं आणि मागं घेतलं. परत नेलं.

"दाजी," तो हलक्या आवाजात म्हणाला. सभेतला साहेब त्यात कुठंच नव्हता. ताईच्या पदराआड लपणारा पोरगा होता. "तुम्ही दाबा. तुमचा मान हाय."

शहाजीला त्याची दया आली. ती आली, आणि तिनं काही बदललं नाही.

"तिला एकदा मी अग्नी दिला, विलासराव," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा तुम्ही जगवलीत तिला. आता तुम्ही द्या."

विलासनं बटण दाबलं. वाफ भरू लागल्याचा आवाज आला. शहाजी तो संपेपर्यंत उभा राहिला, मधेच निघून गेला नाही. मग ऋतुजाला घेऊन बाहेर आला.

फाटकाशी रांग लागली होती. भाड्याच्या करारासाठी नवे ठसे घेणार होते, म्हणून माणसं हात धुऊन, बाह्या सारून उभी होती. कोइमतूरची गाडी गाठायची म्हणून काहींच्या पायाशी पिशव्याही होत्या. शहाजी जवळ आला तसं बोलणं थांबलं आणि रांगेनं त्याला वाट दिली. कुणी डोकं खाजवलं, कुणी फोन काढला.

संपतला तेवढं जमलं नाही. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "रामकृष्णहरी, अप्पा."

हे नाव समोरून आलं की परतवायचं असतं. ते शत्रूनं घेतलं तरी.

"रामकृष्णहरी," शहाजी म्हणाला. पण तोंडानंच. हात त्यानं जोडले नाहीत.